प्रशीतन-यंत्रणेतील निर्वात पंप : उपयोग आणि निगा

प्रशीतन-यंत्रणा ही बंद यंत्रणा होय. संपीडक, संघनित्र, केशनलिका अथवा प्रसरण-झडप आणि बाष्पित्र यांतून एकच प्रशीतक पुनःपुन्हा फिरत राहतो. त्याच्या सोबतीस असते ते केवळ संपीडकाचे वंगण तेल. जोडणीच्या वेळी किंवा दुरुस्तीसाठी ही यंत्रणा उघडली म्हणजे तिच्यात हवा व पाण्याची वाफ शिरते. प्रशीतक भरण्यापूर्वी या दोन्ही आगंतुकांना बाहेर घालविणे हे निर्वात पंपाचे कार्य. हे कार्य पुरे झाले की नाही, हे ठरविताना पंप किती वेळ चालविला एवढेच पाहण्याचा प्रघात आढळतो. परंतु काळ हे या कार्याचे माप नव्हे; दाब हे त्याचे माप आहे. पंप, नळ्या, तेल आणि दाबमापक यांविषयीचे बहुतेक नियम या एका भेदातून निष्पन्न होतात.

प्रथम अपाय कोणता ते पाहू जाता, हवेचा उपद्रव साधा आहे. संघनित्राच्या तापमानास हवेचे द्रवीकरण होत नाही. तिचा आंशिक दाब प्रशीतकाच्या दाबात मिळतो आणि संपीडकावरील भार वाढतो. पाण्याचा उपद्रव अधिक गूढ आणि दीर्घकालीन असतो. केशनलिकेच्या मुखाशी त्याचे बर्फ होऊन मार्ग तुंबतो. तेल व प्रशीतक यांच्याशी त्याची विक्रिया होऊन आम्ले तयार होतात आणि ती मोटरीच्या वेटोळ्यांचे विद्युत्‌रोधन खातात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ मागे पडून आर-१३४ए सारखे प्रशीतक आले आणि त्यांच्याबरोबर खनिज तेलाऐवजी पॉलिएस्टर जातीची तेले वापरात आली. ही तेले पाणी झपाट्याने शोषतात व पाण्यामुळे त्यांचे विघटन होऊन आम्ल निर्माण होते. तेलात मुरलेले पाणी निर्वाताने पुरतेपणी निघत नाही. त्यासाठी शुष्कक बसवावा लागतो. यास्तव पाणी तेलापर्यंत पोचू न देणे हेच श्रेयस्कर.

हवा काढणे हे तुलनेने सुलभ काम आहे. पाणी मात्र द्रवरूपात नळ्यांच्या भिंतींना चिकटून असते. पंप त्याला ओढून नेत नाही, तर ते उकळेल इतका दाब कमी करतो. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ३० अंश सें. तापमानास पाऱ्याच्या ३१.८ मिलिमीटर, २० अंशांस १७.५ मिलिमीटर आणि ० अंशास ४.६ मिलिमीटर इतका असतो. यंत्रणेतील दाब या मर्यादेखाली गेल्याशिवाय पाणी उकळावयास लागत नाही, आणि तो पुष्कळच खाली गेल्याशिवाय ते झपाट्याने निघून जात नाही. म्हणून व्यवहारात ०.५ मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन, ही मर्यादा सामान्यतः मानली जाते.

येथे साध्या संयुक्त दाबमापकाचा दोष लक्षात घ्यावयास हवा. तो केवळ दाब मोजीत नाही. सभोवतालच्या हवेच्या दाबाशी असलेला फरक मोजतो. समजा, त्याचा काटा २८ इंचांवर स्थिर झाला. मुंबईस, समुद्रसपाटीवर, वातावरणाचा दाब सुमारे २९.९ इंच असतो. म्हणजे यंत्रणेत अजून सुमारे १.९ इंच, अर्थात ४८ मिलिमीटर, दाब शिल्लक आहे आणि ३० अंशांवरील पाणी उकळलेलेही नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे वातावरणाचाच दाब २८ इंचांच्या आसपास असतो. तेव्हा तेथे हेच वाचन जवळजवळ पूर्ण निर्वात दर्शविते. एकाच आकड्याचे दोन गावी दोन अर्थ होत असतील, तर त्या आकड्यावर निर्णय सोपविणे योग्य नव्हे. शिवाय अर्धा मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर यांतील भेद दाखविण्याची सूक्ष्मता या काट्यात नसते. या कामासाठी वायूच्या उष्णतावहनावर आधारलेला मापक, म्हणजे १९०६ मध्ये पिरानी याने योजलेल्या तत्त्वावरील अथवा तापयुग्माचा मापक, आवश्यक ठरतो. तो पंपाच्या तोंडाशी न जोडता यंत्रणेच्या दूरच्या टोकास जोडावा. अन्यथा तो यंत्रणेची नव्हे, पंपाची स्थिती सांगेल.

काम किती आहे याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ ३० अंश तापमानास व ३१.८ मिलिमीटर दाबास सुमारे ३३ लिटर जागा व्यापते, ०.५ मिलिमीटर दाबास तीच वाफ सुमारे २,१०० लिटर होते. मिनिटास १०० लिटर उपसणाऱ्या पंपास, त्याची क्षमता पूर्णतः टिकून राहिली असे धरले तरी, त्या दाबास एका ग्रॅमसाठी २१ मिनिटे लागतील. कोकणपट्टीत पावसाळ्यात २७ अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असता एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम वाफ असते; नळ्या अशा हवेत उघड्या ठेवणे म्हणजे पंपाचे काम वाढविणे होय.

दाब फार झपाट्याने उतरविण्यातही एक धोका आहे. बाष्पीभवनास लागणारी सुप्त उष्णता पाणी स्वतःतूनच घेते. शून्य अंशावर एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन सुमारे ५९७ कॅलरी घेते, तर एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी देते. म्हणजे एक ग्रॅम वाफ होताना मागे सुमारे साडेसात ग्रॅम पाण्याचे बर्फ होऊ शकते. ४.६ मिलिमीटरच्या खाली हे घडते आणि मग सुकण्याची गती मंदावते. अशा वेळी यंत्रणा बाहेरून उबदार ठेवावी, अथवा मध्येच कोरडा नायट्रोजन सोडून दाब वाढवावा व पुन्हा निर्वात करावा. नायट्रोजन नळ्यांच्या भिंतींची उष्णता पाण्यापर्यंत पोचवितो आणि बाहेर पडताना वाफेलाही सोबत नेतो.

पंप कितीही समर्थ असला तरी अरुंद नळी त्याला पंगू करते. श्यान प्रवाहात नळीची वाहकता व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. पाव इंच व्यासाऐवजी तीन अष्टमांश इंच व्यासाची नळी घेतल्यास ती सुमारे पाचपट होते. हीच वाहकता सरासरी दाबाच्याही प्रमाणात असल्याने, दाब उतरत जातो तसा अडथळा वाढतो. म्हणून नळी आखूड व रुंद असावी आणि जोडणीच्या झडपेतील स्प्रिंगचा गाभा काढून ठेवावा.

आता पंपाच्या अंतरंगाकडे वळता येईल. फिरत्या पात्यांच्या पंपात तेल हे केवळ वंगण नसते. पाती व कवच यांमधील फट तेच बंद करते. यंत्रणेतून आलेली वाफ पंपात दाबली जाते. पंप ७० अंशांवर असेल तर तेथे पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे २३४ मिलिमीटर असतो. निकास-झडप मात्र ७६० मिलिमीटरच्या थोडे वर गेल्यावरच उघडते. साहजिकच बरीचशी वाफ बाहेर न पडता तेलातच पाणी होऊन राहते. यावर गेडे याने १९३५ मध्ये वायुभरणाची युक्ती शोधिली : दाबल्या जाणाऱ्या वाफेत थोडी हवा सोडावयाची, म्हणजे वाफेचे पाणी होण्यापूर्वीच झडप उघडते. हे द्वार उघडे असता पंपाचा अंतिम दाब मात्र वाढतो. यास्तव प्रारंभी, वाफ पुष्कळ असताना, ते उघडे ठेवावे आणि नंतर बंद करावे.

तेलात मिसळलेले पाणी हे पंपाच्या अपयशाचे सर्वांत सामान्य कारण होय. अशा तेलातून सतत वाफ निघत राहते आणि पंप तिच्याच दाबाशी झुंजत बसतो. तेल दुधाळ किंवा काळसर दिसू लागले की ते बदलावे. पंप ऊन असतानाच बदलावे, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह निघून जाते. मोठ्या, ओल्या यंत्रणेवर काम चालू असता एकाच दिवसात ते दोनदा बदलावे लागले तरी त्यात उधळपट्टी नाही. पंपाची कसोटी सोपी आहे : मापक थेट पंपास जोडावा, सुस्थितीतील द्विपदी पंपाने काही मिनिटांत ५० मायक्रॉनच्या खाली जावे. तो जात नसेल, तर दोष यंत्रणेत शोधणे व्यर्थ होय. काम संपल्यावर आतबाहेरची तोंडे बंद करून ठेवावी, कारण ते तेल हवेतील ओलही शोषते.

मर्यादा गाठल्यावरही निर्णय लगेच देऊ नये. पंप झडपेने अलग करून दाब कसा वाढतो ते पाहावे. छिद्र असेल तर हवा स्थिर गतीने आत येते. दाबाचा आलेख प्रारंभी सरळ रेषेत चढतो आणि थांबत नाही. पाणी शिल्लक असेल, किंवा तेलात विरघळलेला प्रशीतक सुटत असेल, तर चढ हळूहळू मंदावून थबकतो. एकाच वाचनाने हा भेद कळत नाही. वाचनांच्या मालिकेनेच कळतो.

काही निषेधही कारणासहित ध्यानात ठेवावे. दाबाखालील प्रशीतक पंपाने काढू नये. तो आधी पुनःप्राप्ती-यंत्राने साठवावा. आयसोब्युटेनसारख्या ज्वालाग्राही प्रशीतकाच्या बाबतीत तर पंपाच्या बटणाची ठिणगीही घातक ठरेल. निर्वात स्थितीत संपीडक चालू करू नये. हवेच्या भंजन-विभवाचे किमान मूल्य सुमारे ३२७ व्होल्ट असून ते दाब व अंतर यांचा गुणाकार सुमारे ०.५७ मिलिमीटर-सेंटिमीटर असता येते; म्हणजे अर्ध्या मिलिमीटर दाबास साधारण एक सेंटिमीटर अंतरावर. त्रिकला ४१५ व्होल्टचे शिखरमूल्य ५८७ व्होल्ट असल्याने, त्या दाबास मोटरीच्या अग्रांमध्ये ठिणगी पडण्यास पुरेशी सामग्री सिद्ध असते.

निर्वातीकरणातील उणीव त्याच दिवशी दिसत नाही. यंत्रणा थंड होते, काम पुरे झाले असे वाटते. आम्ल मात्र आत आपले काम करीत राहते आणि काही महिन्यांनी संपीडक जळतो. त्या वेळी त्याचे कारण कोणी पंपातील दुधाळ तेलात शोधीत नाही. म्हणून प्रत्येक यंत्रणेच्या नोंदीत पंप चालविण्याच्या काळाबरोबरच अंतिम दाब, अलग केल्यानंतरची वाचने आणि तेल बदलल्याचा दिवस लिहिलेला असावा. अशी नोंद असेल तरच पुढील बिघाडाचे कारण तर्काने न ठरविता पुराव्याने ठरविता येते.