लिम चिन सिओंग : सिंगापूरच्या कामगारांचा पुढारी



सिंगापूरच्या जडणघडणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती बहुधा ली क्वान यू यांच्यापासून सुरू होते. पण त्यांच्या पीपल्स ॲक्शन पार्टीला (पीएपी) कामगारांमध्ये पाय रोवून देणारा एक तरुण होता, लिम चिन सिओंग. त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

लिम यांचा जन्म १९३३ चा, तेलोक आयर स्ट्रीटवरचा. १९५१ साली परीक्षेवरील बहिष्कारात भाग घेतल्याने त्यांचे शालेय शिक्षण सुटले. १९५४ मध्ये ते कारखाने व दुकानांतील कामगारांच्या युनियनचे सरचिटणीस झाले. तेव्हा सभासद होते चारशेच्या आत. वर्षभरात ते सुमारे ३० हजार झाले!

हे कसे घडले? आपल्या मुंबईचे उदाहरण आठवा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वर्षी कॉम्रेड डांगे आणि सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन अशीच शेकड्यांवरून पन्नास हजारांच्या वर गेली होती. मजुरी आणि नोकरी दोन्ही धोक्यात होत्या, आणि पुढारी कामगारांच्याच भाषेत बोलत होते. सिंगापूरमध्येही पगार तुटपुंजा, कामाचे तास लांबलचक, आणि ब्रिटिशांचा कारभार इंग्रजीत. लिम होक्कियनमध्ये बोलत. इंग्रजीत शिकलेल्या बॅरिस्टर ली यांना ती भाषा तेव्हा येत नव्हती. म्हणूनच १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पीएपीला दोघांचीही गरज होती. १९५५ साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, लिम बुकिट तिमाहमधून निवडून आले.

त्याच वर्षी होक ली बस कंपनीच्या संपात दंगल होऊन चार जणांचा बळी गेला. १९५६ च्या दंगलींच्या वेळी लिम यांना अटक झाली. १९५९ मध्ये पीएपी निवडणूक जिंकल्यावर ते सुटले. पण मलेशियातील विलीनीकरणाच्या वादात १९६१ साली पक्ष फुटला आणि लिम 'बारिसान सोशालिस' या नव्या पक्षाचे नेते झाले. २ फेब्रुवारी १९६३ रोजी 'ऑपरेशन कोल्डस्टोअर'मध्ये शंभराहून अधिक लोकांची धरपकड झाली. त्यात तेही होते. खटला न चालवताच त्यांना सहा वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले गेले. १९६९ मध्ये राजकारण सोडून ते लंडनला गेले, १९७९ मध्ये परतले आणि १९९६ साली वारले.

ते कम्युनिस्ट होते, असे सरकारचे म्हणणे. त्यांनी ते कायम नाकारले. इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

१९५६ मध्ये त्यांच्याप्रमाणेच कैदेत गेलेले भारतीय वंशाचे कामगार नेते देवन नायर पुढे ली यांच्यासोबत राहिले आणि १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. एकाच चळवळीतले दोघे, पण एकाच्या वाट्याला राष्ट्राध्यक्षपद आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला तुरुंग आणि परदेश. मुलांनी या देशाचा इतिहास विचारला, तर दोघांचीही नावे सांगूया.