ॲल्युमिनियमची होडी : सौद्याआधी उलटी करून पाहा

उरणच्या मोरा आणि करंजा या दोन्ही बंदरांवर होड्या म्हणजे एक तर लाकडाच्या, नाहीतर फायबरच्या. ॲल्युमिनियमची लहान होडी इकडे क्वचितच दिसते. त्यामुळे आमच्या ओळखीच्या एका जाळे-दोरीच्या दुकानदाराने तळ्यातल्या मासेमारीसाठी बारा फुटी जुनी ॲल्युमिनियमची होडी ठरवली, तेव्हा तिची पारख कशी करायची हे बाजारात कोणालाच सांगता येईना. बयाना देण्याच्या बेतात होता. आम्ही त्याला दोन दिवस थांबवले, माहिती काढली, आणि एका वेल्डर कारीगराला सोबत घेऊन माल पाहायला गेलो.

आधी या धातूचा हिशेब समजून घ्यावा. दोन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर साधारण ५.४ किलो भरतो, लोखंडाचा असेल तर पावणेसोळा किलोच्या आसपास. म्हणूनच अशी होडी दोघे जण उचलून टेम्पोवर चढवतात. तळ्याच्या धंद्यात हाच मोठा फायदा. अमेरिकेत दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ साली, ग्रुमन या लढाऊ विमाने बनवणाऱ्या कंपनीने विमानाच्याच पत्र्याची आणि रिबिटांची होडी बाजारात आणली, तेव्हापासून तिकडे तळ्यांवर या होड्यांचा रिवाज पडला.

पण सगळे ॲल्युमिनियम सारखे नसते. कापडात जसा सूत पाहिल्याशिवाय भाव बोलू नये, तसेच इथेही. पाण्यासाठी मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. ५०५२ आणि ५०८३ हे त्याचे नंबर. तांबे मिसळलेला पत्रा ताकदीला चांगला, पण पाण्यात लवकर खातो. जुन्या मालाला कागद नसतो, डोळ्यांनी नंबर कळत नाही. म्हणून होडी आजवर कुठे चालली, हे विचारावे. गोड्या पाण्यात चाललेली असेल तर निम्मी काळजी मिटली. खाडीत चाललेली असेल तर तिला उलटी करून, अंगावर ऊन तिरपे पडेल अशी ठेवून, तळ बोटांनी चाचपावा. पांढरी पूड आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले की समजावे, पत्रा आतून खाल्ला गेला आहे. नवा रंग मारलेला असेल तर जास्त संशय घ्यावा.

तांबे, पितळ, शिसे यांच्याशी ॲल्युमिनियमचे हाडवैर आहे. ओलाव्यात दोन्ही एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते. तळाच्या फळीखाली पडून राहिलेले एखादे नाणे किंवा जाळ्याची शिशाची गोळी काही काळात भोक पाडते. तांबे असलेला शेवाळरोधक रंगही या होडीला चालत नाही. ओल्या गोणपाटाने किंवा ओल्या ताडपत्रीने होडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणारे लोक तिची हिफाजत करीत नाहीत, तिला कुजवतात. खाली हवा खेळली पाहिजे. कापडवाल्याला हे सांगावे लागत नाही. दमट गोदामात ठेवलेल्या ठाणाचे काय होते ते त्याने पाहिलेले असते.

आता गळती. होडी पाण्यात न टाकता गळती शोधायची सोपी रीत अशी की, ती चांगल्या टेकूंवर ठेवून आत पाणी भरायचे आणि खालून पाहायचे. जास्त भरू नये. बारा फूट बाय चार फूट तळावर चार इंच पाणी म्हणजे चारशे किलोच्या घरात वजन, टेकू बसले तर पत्रा वाकेल. आम्ही जेमतेम दोन इंच भरले. अर्ध्या तासात मधल्या बाकाखालच्या तीन रिबिटांना घाम सुटला. होडीचा मालक म्हणाला, "हे काय, एम-सील लावा की झाले." आमच्या कारीगराने मान हलवली. ढिले रिबिट परत ठोकता येते, नाहीतर काढून मोठे बसवता येते. पण रिबिटाभोवती चीर असेल तर लेप टिकत नाही. वेल्डिंग करायचे म्हटले तर त्याला आर्गॉन गॅसची मशीन आणि सराईत हात लागतो. हा धातू ६६० अंशाला वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर. लोखंडाची ग्रिल जोडणाऱ्याला हे काम देऊ नये.

खरा ऐब मागच्या फळीत निघाला. इंजिन जिथे लटकते तिथे पत्र्याच्या आत प्लायवूड असते. बाहेरून ती फळी चकचकीत होती. कारीगराने बोल्ट काढून भोकात सुई घातली, ती लोण्यासारखी आत गेली. ही फळी इंजिनाच्या ओढीने तुटली तर होडी तळ्याच्या मध्यावर मागून पाणी घेईल, आणि दुकानदाराचा भाचा, ज्याच्या हाती ती जायची होती, त्याला पोहणे जेमतेम येते.

बाकाखालचा फोमही पाहावा. होडी उलटली तरी तरंगावी म्हणून तो भरलेला असतो. पाणी पिऊन जड झाला असेल तर तो काढूनच टाकावा लागतो. होडी काट्यावर घालून वजन करावे, फरक तिथेच दिसतो. वजनाचा दुसरा उपयोग भावात होतो: भंगाराच्या दराने जेवढे होतील, त्या रकमेच्या खाली मालक येणार नाही, हे धरून चालावे आणि बोलणी तिथून वर करावी. किती माणसे बसवावीत याचा अमेरिकेत चालणारा ढोबळ नियम असा की, लांबी आणि रुंदी फुटांत गुणून पंधराने भागावे. बारा बाय साडेचारची होडी तीन माणसांची, चौथा काठावर थांबला पाहिजे.

होडी घेण्याआधी पाणी कोणाचे, तेही लेखी पाहावे. धरण आणि तलाव सरकारी खात्याचे किंवा ग्रामपंचायतीचे असतात, आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो. त्यांची परवानगी नसेल तर होडी अंगणात पडून राहील.

आमच्या दुकानदाराने फळी आणि रिबिटांचा खर्च कारीगराकडून कागदावर लिहून घेतला, तो मागितलेल्या किमतीतून वजा केला आणि तेवढाच आकडा बोलला. मालक दुसऱ्या दिवशी कबूल झाला. नवी फळी मरीन प्लायची बसवली आहे, बोल्ट स्टेनलेसचे, पत्रा आणि बोल्ट यांच्यात नायलॉनचे वॉशर. भाच्याला लाइफ जॅकेट घेऊन दिले आहे. इंजिन मात्र अजून बसवलेले नाही. पहिला हंगाम वल्ह्यांवर काढायचा असे ठरले आहे.