निकेल : मातीतील मित्र, श्वासातील वैरी

स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलची भांडी, नळाच्या चकाकत्या तोट्या, घड्याळाचे पट्टे आणि स्वस्त दागिने अशा अनेक रूपांनी निकेल हा धातू आज घरोघरी पोचला आहे. जर्मनीतील खाणकामगारांना एक तांबूस खनिज सापडे. परंतु कितीही भाजले तरी त्यातून तांबे निघत नसे. हा खाणीतील खट्याळ भुताचा खेळ, अशी त्यांची समजूत झाली व त्या भुताचेच नाव खनिजाला चिकटले. १७५१ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी त्यातून नवा धातू वेगळा केला आणि निकेल हे नाव रूढ झाले. या धातूचे वर्तन मात्र आजही दुहेरीच आहे. सूक्ष्म प्रमाणात तो जीवसृष्टीला उपकारक ठरतो, तर त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगाला कारणीभूत होते.

शेतात आणि गोबरगॅस संयंत्रात

शेतकरी पिकाला युरिया देतो, तेव्हा जमिनीतील सूक्ष्मजीव त्याचे अमोनियात रूपांतर करतात. हे काम यूरिएज नावाचे विकर करते. विकरे म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने होत. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईसारख्या एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून हे विकर स्फटिकरूपात मिळविले. या कार्याबद्दल १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु या विकराच्या गाभ्याशी निकेल असते, हे कळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. पुढे असे दिसून आले की, निकेल मुळीच न मिळाल्यास सोयाबीनच्या पानांच्या टोकांशी युरिया साठून ती करपतात. सर्वसाधारण जमिनीत पिकाला पुरेल इतके निकेल असतेच; त्यासाठी वेगळी मात्रा देण्याची सहसा गरज पडत नाही.

गोबरगॅस संयंत्रातील मिथेन वायूही निकेलवाचून तयार होत नाही. तो निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मुख्य विकरात हाच धातू असतो. जठरात व्रण निर्माण करणारा हेलिकोबॅक्टर हा जंतूदेखील निकेलयुक्त यूरिएजच्या साहाय्याने जठरातील आम्लात तग धरतो. मानवी शरीरात मात्र निकेलवर चालणारे एकही विकर आजवर आढळलेले नाही.

क्लिडॅकचा धडा

वेल्समधील स्वान्सी शहराजवळ क्लिडॅक येथे १९०२ साली निकेल शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. लुडविग माँड यांनी शोधलेल्या पद्धतीनुसार तेथे निकेलचा कार्बन मोनॉक्साइडशी संयोग घडवून वायुरूप संयुग तयार केले जाई व त्यापासून शुद्ध धातू मिळविला जाई. १९३० नंतरच्या काही वर्षांत तेथील कामगारांत नाकाच्या पोकळ्यांचा व फुप्फुसांचा कर्करोग आढळू लागला. नाकाच्या पोकळ्यांचा कर्करोग एरवी अत्यंत दुर्मिळ असतो. म्हणूनच तो डोळ्यांत भरला. १९४९ साली ब्रिटनने या कामगारांचे हे कर्करोग व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केले.

प्रारंभी संशय त्या वायूवर होता. प्रत्यक्षात मुख्य दोष खनिज भाजताना व दळताना उडणाऱ्या ऑक्साइड व सल्फाइडयुक्त धुळीकडे जातो, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, १९२५ पूर्वी कामास लागलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू राष्ट्रीय प्रमाणाच्या पाच ते दहा पट होते; नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण तर शेकडो पट होते. प्रक्रियेत सुधारणा होऊन धूळ घटल्यावर नंतरच्या कामगारांतील धोका पुष्कळच उतरला, तरी तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही. नॉर्वेतील क्रिस्टियानसान येथील कारखान्याच्या अभ्यासातून पाण्यात विरघळणारे निकेलचे क्षारही निर्धोक नाहीत, हे स्पष्ट झाले. १९९० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेलच्या संयुगांना मानवी कर्करोगाची निश्चित कारणे म्हणून पहिल्या गटात स्थान दिले. धातुरूप निकेलची गणना मात्र संभाव्य कारणांत होते.

पेशीत काय घडते

न विरघळणारे सूक्ष्म कण पेशी गिळतात. पेशीतील आम्लात ते हळूहळू विरघळून निकेल केंद्रकापर्यंत पोचते. तेथे ते जनुकांवर थेट आघात फारसा करीत नाही. परंतु लोहाची जागा बळकावून अनेक विकरे निकामी करते, जनुकांची दुरुस्ती रोखते आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुके मिटवून ठेवते. रोग प्रकट होण्यास कित्येक वर्षे, बहुधा दशके लागतात. त्यामुळे कामगाराने नोकरी सोडल्यानंतरही धोका त्याची पाठ सोडत नाही. धूम्रपानाची जोड मिळाल्यास तो अधिकच वाढतो.

दक्षता कोठे हवी

स्टीलच्या भांड्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. अन्नातून पोटात जाणाऱ्या निकेलमुळे माणसाला कर्करोग होतो, असा पुरावा मिळालेला नाही. स्वस्त दागिन्यांमुळे कानाला वा गळ्याला खाज सुटून चट्टे उठतात, ती निकेलची वावडी होय. तो कर्करोग नव्हे. असा त्रास होणाऱ्याने तो दागिना वापरणे थांबवावे.

खरी दक्षता हवी ती निकेलचा मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांत, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या व घासकामाच्या जागी. टाकीवरील वाफा व तुषार आणि यंत्रावरील धूळ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे हा पहिला उपाय होय. योग्य प्रतीचा मुखवटा, कामानंतर हातपाय धुणे, कामाचे कपडे घरी न नेणे व नियमित वैद्यकीय तपासणी ही त्याची जोड होय. तोंडाला बांधलेला रुमाल हे खरे संरक्षण नव्हे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ०.०२ मिलिग्रॅमहून अधिक निकेल नसावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणून मुलामा कामातील सांडपाणी व गाळ नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकला जात असल्यास पंचायतीने तो विषय तातडीने प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे न्यावा.

क्लिडॅकमध्ये कारण उमगेपर्यंत अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. आज कारण ज्ञात आहे आणि उपायही हाताशी आहेत. ते कामगाराच्या श्वासापर्यंत वेळेवर पोचविणे, एवढेच करावयाचे उरले आहे.