एकदम की टप्प्याटप्प्याने?

श्रोतेहो, संगणकप्रणाली लोकांच्या हाती द्यायच्या दोन रीती आहेत आणि आज त्यांतली निवड कशी करावी हे पाहायचे आहे. साहित्याच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण बेला मंडलात ज्याची चार एकर कपाशी आहे, त्याचे पट्टादार पासबुक अशाच प्रणालीतून निघते.

पहिली रीत ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा. आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, बांधणी, चाचणी आणि शेवटी एके दिवशी सर्वांसाठी सुरू. आपल्या कुंतलाच्या कड्यावरून गेलेले पाणी परत वर येत नाही, तसेच हे. गंमत अशी की १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी ज्या लेखात ही उतरती आकृती काढली, त्यातच ती तशीच वापरणे धोक्याचे आहे असेही लिहिले होते. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडून दिला. दुसरी रीत ‘अजाइल’, म्हणजे चपळ: थोडे बनवा, थोड्यांना द्या, चुका पाहा, सुधारा, पुढे जा. तिचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी मिळून लिहिला.

आता आपली गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदण्या थांबवल्या गेल्या आणि २९ ऑक्टोबरला ‘धरणी’ साऱ्या राज्यासाठी एकदम सुरू झाली. आतून ती कशी बांधली हे सोडून द्या; लोकांना मिळाली ती धबधब्यासारखी. लाभही होता: खरेदी आणि फेरफार तहसील कार्यालयात एकाच वेळी होऊ लागले. पण जुन्या नोंदीतली चूक जशीच्या तशी आत गेली, तर ती सुधारायची खिडकीच अनेक बाबतींत सुरुवातीला नव्हती. त्या खिडक्या पुढे एकेक करून उघडल्या. तोवर रयतु बंधूचे पैसे किंवा बँकेचे पीककर्ज अडले, तर ते शेतकऱ्याचे अडले.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी, आपल्यात आडनाव शेवटी. एकाच माणसाचे नाव आधारवर एका क्रमाने आणि पासबुकावर दुसऱ्या क्रमाने पडले, की यंत्राला ती दोन माणसे वाटू शकतात. हैदराबादेत बसून गरजांची यादी करणाऱ्याला हे सुचणे अवघडच.

‘धरणी’च्या जागी ‘भू भारती’ आली ती दुसऱ्या चालीने. १४ एप्रिल २०२५ ला ती सुरू झाली आणि आधी चारच मंडलांत चालवून पाहिली: लिंगमपेट, मद्दूर, नेलकोंडपल्ली आणि वेंकटापूर. शितावरून भाताची परीक्षा. मात्र शित तळचे घेतले की वरचे, यावर बरेच असते. त्या चारांत पैनगंगेकाठचे एकही मंडल नव्हते. चाचणीला जागा निवडताना सोपी नव्हे, अडचणीची निवडावी, असे माझे मत आहे.

म्हणून सगळेच चपळ करावे का? नाही. मालक कोण, अपील कोणाकडे, हे नियम आधीच पक्के हवेत. ते बेल्यात एक आणि जैनथला दुसरे असून चालणार नाहीत. जुनी नोंदवही कधी बंद करायची, हेही घाईने ठरवता येत नाही, कारण पुसलेला हक्क परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. अर्जाचा नमुना, नावाचा रकाना, पावतीची भाषा मात्र दर पंधरवड्याला बदलली तरी बिघडत नाही. तेव्हा निवड करताना मी आधी हे विचारतो: चूक झाली तर ती मागे घेता येईल का, आणि तिच्यापायी बेल्याहून आदिलाबादच्या खेपा कोणाला घालाव्या लागतील?

बलाढ्य देशही यातून सुटत नाहीत. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेने आरोग्यविम्याचे संकेतस्थळ एकदम उघडले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची.