नाकाच्या भरवशावर

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, आणि त्या वासानं आजवर असंख्य घरं वाचवली आहेत. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच ‘गॅसचा वास येतोय का गं?’ असं विचारणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. पण याच सवयीतून एक गैरसमजही मुरला आहे: वास नाही, म्हणजे धोका नाही. गॅस पेटला की मर्कॅप्टनही त्याच्याबरोबर जळून जातं. इशारा देणारा ज्योतीत संपतो, आणि त्याच ज्योतीला हवा अपुरी पडली तर तिथूनच कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. लाकडाचा किंवा कोळशाचा धूर निदान माणसाला खोलीबाहेर काढतो. हा वायू तेवढीही दया दाखवत नाही.

आपल्याकडे याचा सर्वांत ओळखीचा बळी जातो तो बाथरूममध्ये, गॅस गीझरमुळे. जुन्या घरातला बंब अंगणात नाहीतर पडवीत असे. न्हाणीघरात असला तरी वर कौलं होती, दाराला फटी होत्या. फ्लॅटमधल्या बाथरूमचा हिशेब वेगळा. सात फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंची, म्हणजे जेमतेम आठ घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. खिडकी थंडीमुळे पुठ्ठा लावून बंद केलेली, दाराला कडी. अशा खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला ढोबळमानानं सहा-सात मिनिटं पुरतात. केस धुवायला याहून जास्त वेळ लागतो. हवा जसजशी विटते तसतशी ज्योत बिघडते, आणि ज्योत बिघडली की कार्बन मोनॉक्साइड झपाट्यानं वाढतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून चक्कर आली, पित्त झालं, असं माणूस स्वतःच ठरवून मोकळा होतो. आणि संशय येईपर्यंत कडी काढण्याइतकी ताकद हातात उरलेली नसते. कोरोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उलट फसवतो. बोटावरच्या त्या साध्या यंत्राला ऑक्सिजन वाहणारं आणि कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि आकडा ९८ दाखवतो. नाक, डोळे, ऑक्सिमीटर, तिघेही निकामी ठरतात तिथे केवळ या एकाच वायूसाठी बनवलेला अलार्म हवा, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: खिडकी उघडी ठेवली की झालं, यंत्र कशाला? आक्षेप निम्मा बरोबर आहे. गीझर मुळात बाथरूममध्ये असूच नये. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. अलार्म ही त्याची पळवाट नव्हे. बंद दारामागे आंघोळ करणाऱ्याला पॅसेजमधल्या अलार्मचा भरवसा देता येत नाही, आणि वाफेमुळे अलार्म बाथरूममध्ये लावायचाही नसतो. पण गीझर बाहेर काढल्यावरही प्रश्न संपत नाही. धुराड्यात पक्षी घरटं करतात, वारा फिरला की तोच धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो, वीज गेली की कुणीतरी जनरेटर गच्चीऐवजी जिन्यात लावतो. सहलीला गेल्यावर तर खोली परक्याची असते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले ते उठलेच नाहीत. खिडकी उघडी ठेवणं ही रोज पाळायची शिस्त आहे, आणि थंडीत ती सगळ्यात आधी मोडते.

दुसरा आक्षेप: ‘आमच्याकडे गॅसचा अलार्म आहे.’ तो गळती ओळखतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच हलका, सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये हवा. उगाच कोकलेल ही भीतीही फारशी खरी नाही. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ५० भाग असेल तर अलार्म तास-दीड तासानं वाजतो, ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत. खरेदी करताना हे मानक, किंवा अमेरिकेचं यूएल २०३४, खोक्यावर आहे का ते पाहावं. नुसत्या आकडे दाखवणाऱ्या स्वस्त डबीवर पैसे घालवू नयेत. आतला सेन्सर काही वर्षांनी थकतो, मागे छापलेली तारीख उलटली की यंत्र बदलायचं. टेस्टचं बटण बहुधा भोंगा आणि बॅटरीच तपासतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जिथे इंधन जाळणारं पक्कं उपकरण आहे त्या राहत्या खोलीत हा अलार्म बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. स्वयंपाकाची शेगडी तेवढी वगळली आहे. आपल्याकडे गीझर लावून भाडं वाढवून घेणारे घरमालक पुष्कळ, अलार्म लावणारा शोधावा लागेल.

अलार्म वाजला तर शोधाशोध करत बसू नका. आधी सगळ्यांनी बाहेर पडा, निघता निघता दारं सताड उघडी टाका, आणि मग ११२ ला फोन करा. कुणाला भोवळ आली असेल तर डॉक्टरांना ‘घरात गीझर चालू होता’ हे न विचारता सांगा, कारण नेमकी रक्ततपासणी त्या एका वाक्यावरून ठरते. रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर साधारण दीड तास.