प्रवेशपरीक्षा आणि घर

दहावीचा निकाल लागला कीं नळदुर्गाच्या अनेक घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : मुलाला लातुरास ठेवावें कीं सोलापुरास? मूल पंधरा-सोळा वर्षांचें असतें. आपणांस पुढें काय व्हावयाचें आहे हें त्याचें त्यालाही धड ठाऊक नसतें. परंतु आजोबांपासून आत्यापर्यंत सर्वांचीं मतें ठरून गेलेलीं असतात. पैशांची जुळवाजुळव होते, खोली पाहिली जाते, आणि मूल घराबाहेर पडतें. प्रवेशपरीक्षेची तयारी आतां सुरू झाली, असें आपण मानतों. वस्तुतः ती तयारी त्यापूर्वींच बव्हंशीं झालेली असते, किंवा राहून गेलेली असते. ही गोष्ट वडील मंडळींच्या ध्यानीं यावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रवेशपरीक्षा ही कांहीं आजची उपाधि नव्हे. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुढें घरोघर 'मॅट्रिक' या नांवानें प्रसिद्ध झालेली परीक्षा ती हीच. शाळा संपल्याची ती खूण नसून विद्यापीठांत पाऊल टाकण्याचा तो परवाना होता. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले विद्यार्थी. ज्यास इंग्रजी येत नसे, त्यास तें दार बंद असे.

आमचें नळदुर्ग त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. तेथील दार निराळें. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें, त्याचें माध्यम उर्दू. शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं तेथें स्वतंत्र भाषांतरखातेंही उघडलें होतें. म्हणजे घरीं मराठी, हैदराबादेस गेल्यास उर्दू, आणि सीमेपलीकडे सोलापुराकडे वळल्यास इंग्रजी, अशी मुलाची त्रिस्थळी यात्रा होई. याच परिसरांत हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें अध्यापन केलें, यामागें हीच अडचण व हाच स्वाभिमान होता. १९३८ सालीं 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियांतून विद्यार्थ्यांना काढण्यांत आलें, तेव्हां त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ मिळावयास १९५८ साल उजाडलें. आज तर नळदुर्गांतच महाविद्यालय आहे. दार शोधीत परमुलखांत जाण्याची पाळी आतां कोणावर येत नाहीं. आतां प्रश्न उरला आहे तो दार उघडण्याचा.

हें दार कसें आहे, तें नीट पाहूं. वैद्यकीय शिक्षणासाठीं 'नीट' ही परीक्षा आहे. २०२५ च्या परीक्षेंत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळत आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होई. अभियांत्रिकीसाठीं देशपातळीवर 'जे.ई.ई. मेन' जानेवारीत व एप्रिलांत होते. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.ला २०० गुण असतात, वेळ तीन तासांचा असतो आणि चुकीबद्दल गुण कापले जात नाहींत. तिच्यांत सुमारें ८० टक्के भाग बारावीचा व २० टक्के अकरावीचा असतो. शिवाय बारावीची परीक्षा आहेच. तिच्याकडे दुर्लक्ष करणें आत्मघातकीपणाचें होय. कारण सर्वसाधारण गटांतील उमेदवारास वैद्यकीय प्रवेशासाठीं बारावीस विज्ञानविषयांत ५० टक्के गुण लागतात, आणि एन.आय.टी.सारख्या संस्थांसाठीं ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस शतांशांत स्थान लागतें.

या परीक्षांचें स्वरूप आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यास अगदींच अनोळखी वाटत नाहीं. पूर्वीं न्यायशास्त्राच्या पाठशाळांतून शलाकापरीक्षा होत असे. पोथींत सुई खुपसावयाची. ती ज्या पानावर थांबेल, त्या पानावरील विषय विद्यार्थ्यानें विशद करावयाचा. अमुक प्रकरण 'येणार' आणि तमुक 'येणार नाहीं' असा अंदाज बांधण्यास तेथें जागाच नव्हती. आजची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका ही शलाकाच आहे. १८० सुया पोथींत कोठेंही खुपसल्या जातात. म्हणून 'महत्त्वाचे प्रश्न' पाठ करण्याची जुनी युक्ति येथें चालत नाहीं. नववीचा मुलगा विद्युत्प्रवाहाचा नियम घडाघडा म्हणतो. पण तीच तार दुप्पट लांब केली तर प्रवाह वाढेल कीं घटेल, असें विचारतांच मान खालीं घालतो. 'रामस्य' हें रूप पाठ असून श्लोकांत तेंच ओळखतां न येणें, त्यांतलाच हा प्रकार. आठवी ते दहावींत हा दोष निघाला नाहीं, तर पुढें कोणतीही शिकवणी तो निस्तरूं शकत नाहीं.

पाठांतर मात्र त्याज्य नव्हे. वैदिकांनीं संहिता टिकविली ती केवळ एकदां घोकून नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतींनीं तींच पदें निरनिराळ्या जोडण्यांनीं पुनःपुन्हां म्हटलीं जात. मागील पद पुढील पदाबरोबर पुन्हां येई. विद्यार्थ्यानेंही आज शिकलेलें उद्यां, मग आठवड्यानें, मग महिन्यानें पाहावें. आणि पुस्तक उघडण्यापूर्वीं तें मिटून काय आठवतें हें कागदावर लिहून काढावें. पान पुन्हां वाचण्यापेक्षां आठवण्याचा हा श्रम अधिक फलदायी आहे. नुसत्या वाचनानें ओळख होते; आठवण्यानें मालकी येते.

चुकीच्या उत्तरास गुण कापतात, या भयानें पुष्कळ मुलें माहीत असलेलेंही सोडून देतात. त्यांच्यासाठीं हा लहानसा हिशेब. 'नीट'च्या रीतीनें चार प्रश्नांचीं उत्तरें डोळे मिटून दिलीं, तर सरासरीनें एक बरोबर येईल व तीन चुकतील. ४ मिळतील, ३ जातील, हातीं १ गुण उरेल. चार प्रश्नांत एका गुणाचा लाभ म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं, आणि तोही खात्रीचा नव्हे. परंतु विचार करून चारांपैकीं दोन पर्याय निश्चितपणें बाद करतां आले, तर दोन प्रश्नांत सरासरीनें एक बरोबर, एक चूक, म्हणजे ३ गुण पदरांत पडतात. तात्पर्य, अर्धें ज्ञान परीक्षेंत वायां जात नाहीं. पूर्ण अज्ञान मात्र जुगार होय. सी.ई.टी.त दंड नाहीं, म्हणून तेथें एकही प्रश्न कोरा ठेवूं नये.

आतां भाषेविषयीं. 'नीट' आणि 'जे.ई.ई. मेन' यांच्या प्रश्नपत्रिका मराठींतही मिळतात. मात्र भाषांतराविषयीं संशय आल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. अकरावी-बारावीचें विज्ञानही बहुधा इंग्रजींतूनच शिकविलें जातें. म्हणून मराठी शाळेंतील मुलानें आठवीपासूनच दोन रकान्यांची एक वही ठेवावी. एका बाजूस त्वरण, दुसऱ्या बाजूस अ‍ॅक्सिलरेशन. एका बाजूस प्रकाशसंश्लेषण, दुसऱ्या बाजूस फोटोसिंथेसिस. दररोज पांच शब्द लिहिले, तरी तीन वर्षांत पांच हजारांवर होतात. खरें तर इतक्यांची गरजही पडत नाहीं. मुलानें कल्पना समजून घ्यावी ती मायबोलींत आणि ओळखावी दोन्ही भाषांत. केवळ शब्दांच्या भीतीपोटीं कोवळ्या मुलाची शाळा बदलण्यापेक्षां ही चार आण्यांची वही बरी.

लातुराचें नांव या प्रदेशांत मोठें आहे, आणि तें सकारण आहे. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालयांत प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळांत जी पद्धति आकारास आली, तिचें मर्म जादूंत नसून नित्यक्रमांत आहे : नेमलेल्या वेळीं अधिक अध्यापन, वारंवार सराव-परीक्षा, आणि चुका दाखवून पुन्हां परीक्षा. ज्याचा पाया पक्का आहे आणि ज्यास स्वतःहून जावेंसें वाटतें, त्यानें अवश्य जावें. पण पाया कच्चा असलेल्या मुलास केवळ शेजारचा गेला म्हणून धाडणें म्हणजे बांध घातल्याविना पाण्याची वाट पाहणें होय. आमच्या किल्ल्यांतील पाणीमहाल पुरांत टिकतो, तो बोरी नदीवरील बांधाचा दगड आधीं बसविला म्हणून. आणि चुका तपासून पुन्हां सोडविण्याचा परिपाठ घरींही पाळतां येतो. त्यास आठवड्यांतून एक सकाळ व एक वडीलधारा माणूस पुरतो.

येथें एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य कामास येतें, आणि त्याचे दोषही आडवे येतात. मुलाला एक ठराविक कोपरा द्यावा व त्या कोपऱ्यांतून त्यास वारंवार उठवूं नये. पौषांत मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरते, पाहुणे येतात, आणि त्याच सुमारास बारावीची परीक्षा दाराशीं येऊन ठेपते. पाहुण्यांची ऊठबस इतरांनीं करावी. ही सवलत जशी मुलास तशीच मुलीस मिळाली पाहिजे. 'ती अभ्यास करतां करतां स्वयंपाकघरही पाहील' हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जातें, तेथें तिची परीक्षा दुप्पट कठीण होते. चुलतभावाच्या गुणांशीं तुलना करूं नये. तीमुळें ईर्ष्या येते, अभ्यास येत नाहीं. आजोबांना विज्ञान येत नसलें तरी 'आज काय शिकलास, मला समजावून सांग' एवढें ते विचारूं शकतात. जें दुसऱ्यास समजावतां येतें, तेंच खरें समजलें. भ्रमणध्वनीबद्दल उपदेश करण्यापूर्वीं वडिलांनीं रात्रीं आपला यंत्रमित्र बाजूस ठेवावा.

आपल्या पाठशाळांत अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा या दिवशीं अनध्याय असे. अखंड घोकण्यानें बुद्धि बोथटते, हें पूर्वजांनीं ओळखलें होतें. आठवड्यांतून एक सायंकाळ खेळास आणि रोजची सात-आठ तासांची झोप, यांत कपात करूं नये. मूल अबोल झालें, जेवणावरून उठूं लागलें, 'मी नसलों तर बरें' अशा अर्थाचें कांहीं बोललें, तर तें आळसाचें लक्षण मानूं नये. त्याच दिवशीं त्याच्याजवळ बसावें व वैद्यकीय सल्ला घ्यावा. प्रवेशपरीक्षा पुन्हां देतां येते. मूल पुन्हां मिळत नाहीं.

आणखी एक. वैद्यक आणि अभियांत्रिकी हींच दोन दारें नव्हेत. शुद्ध विज्ञान, कृषि, विधि, अध्यापन, वाणिज्य, भाषा यांचींही दारें उघडीं आहेत, आणि बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठीं २०२२ पासून एक सामायिक परीक्षाही होते. मुलाची आवड कोणती, हें त्यास आठवींत विचारावें. बारावीच्या निकालादिवशीं नव्हे.

ज्यांच्या घरीं सध्यां आठवींतलें मूल आहे, त्यांनीं येत्या रविवारीं त्यास समोर बसवावें, विज्ञानाच्या पुस्तकाचें कोणतेंही पान उघडावें आणि 'यांतलें तुला काय समजलें?' असें शांतपणें विचारावें. उत्तर अडखळत आलें तरी रागावूं नये. तें पान त्याच्याबरोबर वाचावें आणि पुढच्या रविवारीं तोच प्रश्न पुन्हां करावा.