चंगह्वा कुक्कुट चषक
चंगह्वा कुक्कुट चषक (चिनी नाव: जीगांगबेई) हा चीनमधील मिंग राजवंशाच्या काळात, चंगह्वा सम्राटाच्या कारकिर्दीत (इ.स. १४६५–१४८७) तयार झालेला पोर्सेलिनचा लहान मद्यचषक होय. त्यावरील कोंबडा, कोंबडी व पिल्ले यांच्या चित्रांवरून त्यास हे नाव मिळाले. चिनी मृत्पात्रांच्या संग्राहकांत तो अत्यंत मौल्यवान मानला जातो. मात्र त्याच्या प्रतिकृती अनेक शतके होत आल्यामुळे अस्सल चषकाची पारख कठीण ठरते.

निर्मिती
हे चषक जिंगदेचन येथील शाही भट्ट्यांमध्ये घडवले गेले. चषकाच्या तोंडाचा व्यास सुमारे ८ सेंटिमीटर असतो. त्याची सजावट दोउत्साय पद्धतीची आहे. या पद्धतीत भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने बाह्यरेषा काढून त्यावर पारदर्शक झिलई देतात व भांडे उच्च तापमानाला भाजतात. त्यानंतर रेषांच्या आत लाल, पिवळा, हिरवा इत्यादी रंग भरून ते कमी तापमानाला पुन्हा भाजतात.

अनुकरण व पारख
चषकाच्या तळाशी दुहेरी चौकटीत 'महान मिंग, चंगह्वा काळात निर्मित' या अर्थाची सहा चिनी अक्षरे असतात. पुढे छिंग राजवंशाच्या कांगशी, योंगचंग व छ्यानलोंग या सम्राटांच्या काळात या चषकांची अनुकरणे झाली. जुन्या कलेच्या आदरापोटी, तर कधी फसवणुकीच्या हेतूने, कारागीर हा लेखही उतरवीत. त्यामुळे केवळ लेखावरून काळ ठरवता येत नाही. मातीचा पोत, झिलईची स्निग्धता, रंगांचा थर, अक्षरांचे वळण आणि पूर्वीच्या मालकीच्या नोंदी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. उष्मादीप्ती चाचणीसाठी पोर्सेलिनमधून नमुना कोरून काढावा लागतो. इतक्या लहान व पातळ भांड्याला त्यामुळे कायमची इजा होते.

संग्रह
ज्ञात अस्सल चषक वीसहून कमी असून त्यांपैकी बहुतेक संग्रहालयांत आहेत. तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालय आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील पर्सिव्हल डेव्हिड संग्रह येथे असे चषक आहेत. खासगी मालकीतील एक चषक १९९९ मध्ये हाँगकाँग येथील सदबीजच्या लिलावात २.९१७ कोटी हाँगकाँग डॉलरना विकला गेला. तोच चषक एप्रिल २०१४ मध्ये शांघायचे संग्राहक ल्यू यीछ्यान यांनी २८.१२ कोटी हाँगकाँग डॉलरना घेतला. चिनी मृत्पात्रांच्या लिलावातील तो तत्कालीन उच्चांक होता. ल्यू यांनी या चषकातून चहा प्यायल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर, प्राचीन वस्तू वापरावी की केवळ जतन करावी, याविषयी चर्चा झाली.